भागावयनीचे चार दिवस

भागावयनीच्या दुखन्यातलं मले जेवढं समजत व्हतं तेवढं खामगावच्या वैद्याले समजत नव्हतं, दवाखान्यातल्या डॉक्टराले समजत नव्हतं, आन तिच्या नवऱ्याले, म्हंजे माह्या मोठ्याभाऊले, तर तिच्या हातच्या जेवनाबिगर काहीच समजत नव्हतं. ती गेली, हे मले बाजारात वांगे निवडनाऱ्या एका बाईनं सांगतलं.

बाई वांगं दाबून पाहून राह्यली व्हती. दाबता दाबता म्हने, "काऊन हो माळीबुवा, तुमची वयनी सकाळीच गेली म्हनते ना दवाखान्यात? आन तुम्ही अठी दुकान मांडून बसले?" मी म्हनलं, "कोनं सांगतलं तुमाले?" ती म्हने, "सारा बाजार सांगून राह्यला." दवाखाना बाजारापासून असा कितीक दूर? म्या जोरानं वांगं फेकलं असतं तर दवाखान्याच्या भिंतीले लागलं असतं. पन मले खबर आली ती मिरचीवाल्यापासून तेलवाल्याकडं, तेलवाल्यापासून गिऱ्हाइकाकडं, अशी फिरून फिरून आली. आन त्या बाईनं तेवढं सांगतल्यावर निवडलेले वांगे एकेक करून परत माह्या टोपल्यात टाकले. सुतकाच्या घरचे म्हनून. रडाचं का वांगे उचलाचे, मले समजेना... म्या वांगे उचलले.

मले लिहिता-वाचता येत नाही. शाळेत म्या पाय टाकला व्हता, पन शाळेनं तो परत केला. हे जे तुम्ही वाचून राह्यले ते गावातल्या मास्तरनं मी बोललो तसं उतरवलं. मदात एका जागी मास्तर थांबला आन म्हने, "किसन, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं." मी म्हनलं, मास्तर, गेलेल्या मानसाबद्दल मी चांगलंच बोलून राह्यलो. वाईट बोलून राह्यलो ते मागं राह्यलेल्यायबद्दल. त्यात पयला मी.

आमचं घर माळ्याचं. मळ्यात वांगे, मिरच्या, मेथी, कारले. घरात मोठाभाऊ, त्याचा पोरगा, भागावयनी आन मी. मोठाभाऊच्या पोरी लगन होऊन आपापल्या घरी. माहं लगन झालं नाही. पोरगी पाह्याले गेलो का पोरीच्या बापाले एकदम गोठ्यातलं काम आठवे. वयनी नवरी होऊन घरात आली तवा मी बिनचड्डीचा आंगनात फिरत व्हतो. तिनं उंबरठ्याच्या आत पाय टाकला, माह्याकडं पाह्यलं, आन नव्या लुगड्याच्या पदरानं माहं नाक पुसलं. तवा तिचं माह्याबद्दल जे मत झालं ते शेवटलोक बदललं नाही. मोठाभाऊबद्दलही नाही. मोठाभाऊ म्हंजे गावातला वजनदार मानूस. चावडीवर चार लोकात बोलाले बसला का उठत नसे, आन घरी तोंड उघडे ते फक्त घास घालाले. वयनी म्हने, "माह्या घरात दोन मानसं हायेत. एक बोलत नाही आन दुसऱ्याचं बोलनं थांबत नाही. दोघायचा उपेग सारखाच."

आता बाईमानसाच्या गोष्टी कागदावर उतरवू नये म्हनते. पन ज्या गोष्टीच्या भरवशावर आमच्या घरात चार दिवस चूल मी पेटवत व्हतो, ते कशी लपवाची? महिन्याच्या महिन्याले वयनीले कावळा शिवे. मंग ती चार दिवस ओसरीवरच्या बाजीवर. बाज जुनी, सुतळी ढिली झालेली, मदात झोळीवानी खाली गेलेली. चुलीले हात नाही, पान्याले हात नाही, देवाकडं पाह्याचं नाही. आमी समजत व्हतो का तिले बाहेर बसवलं. ती मातर त्या बाजीवर अशी पडे का जशी राजाची रानी. दिवसा झोपे. खरंखुरं, तोंड उघडं टाकून, घोरून झोपे. उठली का एका कुशीवर होऊन माह्याकडं पाहे. मी चुलीपाशी धुरात, डोळ्यातून पानी, हाताले पीठ, आन तव्यावर माही भाकर.

"किसन्या, ते भाकर हाय का बैलाच्या खुराचा ठसा?"

"वयनी, गोल हाय ना!"

"एका बाजूनं हाय. बाकीच्या बाजूनं वऱ्हाडाचा नकाशा हाय."

मोठाभाऊ ते भाकर दुधात बुडवून, पान्यात बुडवून, कालवनात बुडवून खाये आन तोंडातून शब्द काढत नसे. पन पाचव्या दिवशी वयनी न्हाऊन घरात आली का तो असा खुश दिसे, जसा काही तुरुंगातून सुटला. त्याले वाटे बायको शुद्ध झाली म्हनून आपन खुश झालो. भाकरीनं खुश झाला व्हता तो.

मंग एका सालापासून कावळा यायचा कमी झाला, आन मंग आलाच नाही. महाराष्ट्र नवा नवा झाला व्हता तवाची गोष्ट. आमी मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, मुंबई राज्यातून महाराष्ट्रात गेलो, अन् जागेवरून उठावं लागलं नाही. वयनीचं उलटं झालं. ती कोठीच गेली नाही, पन तिचं बसनं बंद झालं. मोठाभाऊ खुश, मी खुश. मले तर ते ओसरीवरची बाजच भेटली झोपाले. चार दिवसाची बाज मले चालन का, असं कोनी इचारलंही नाही. मले सोवळ्यातला कोनी समजतच नव्हतं. आन गावातल्या बाया, त्या तर वयनीवर तुटून पडल्या. कोनाकडं देवाचा सैपाक, "भागाबाईले बोलवा, तिले आता अडचन नाही." कोनाच्या घरी लोनचं घालाचं, "भागाबाईचा हात लागू द्या, तिले आता अडचन नाही." पापड, कुरडया, शेवया, पुरनाच्या पोळ्या, सत्यनारायनाचा शिरा... ज्या बाईले अडचन नाही ती सगळ्यायच्या अडचनीले. अन् जिच्या हातचा निवद, तिनं परसाद तर खाल्लाच पाह्यजे. नाही म्हनलं तर देवाचा अपमान. गावातला एकही देव तिले उपाशी उठू देत नव्हता, आन एकही देव तिले बसूही देत नव्हता.

दोनेक सालात वयनी बदलून गेली. आंगातून मदातच वाफा निघे, थंडीच्या दिवसात ती पदरानं वारा घेत बसे. पोट सुटलं, दंड भरले. मोठाभाऊ लोकायले सांगे, "आमच्या घरी खायाले कमी नाही." पानी तर इतकं प्ये का मी म्हनलं, वयनी, मळ्यातल्या वांग्यायसाठी ठेवजो थोडकं. आन एक दिवस तिनंच मोरीतून आवाज देला, "किसन्या, इकडं ये. मोरीत मुंग्या लागल्या. इतक्या वर्साचं हे कडू घर, आन मुंग्या मोरीतच काऊन?" मी पाह्यलं. लाईन लागली व्हती. मी काय केलं? त्या मुंग्यायवर राख टाकली. माहं वैद्यकीचं शिक्षन तवा तेवढंच व्हतं.

मोठाभाऊनं मले खामगावच्या वैद्याकडं धाडलं. बायकोच्या दुखन्यासाठी स्वतः जानं त्याले कमीपनाचं वाटे. आता या वैद्याबद्दल काय सांगू. कपाळावर गंध, आंगावर रेशमी उपरनं, आन बोटं अशी जपे का जसं त्यायले सोनं लावलं हाय. नाडी पाह्याले बाई लागत नाही म्हने, बाईचा देर असला तरी चालते. माही नाडी धरली, डोळे मिटले आन वयनीचा रोग सांगतला. "स्त्रीचा रजःकाल संपला की देहात दाह होतो. शतावरीचा पाक द्या." शतावरीच्या मुळ्या बऱ्या असतीन, मी त्यायले नाव ठेवत नाही. पन त्यानं त्या मुळ्यायपेक्षा त्यात तूप जास्त टाकलं आन तुपापेक्षा खडीसाखर. मोठी बरनीभर पाक म्या घरी आनला. वयनी सकाळ-संध्याकाळ चमचा खाये, आन तिची पाठ फिरली का मी खाये. मले काही दाह नव्हता. पन गोड चीज घरात असली का माह्या आंगात आपोआप दाह होते.

वयनीची तहान आखीन वाढली. पायाच्या तळव्यायले काही समजेना, "चिखलात उभी असल्यावानी वाटते रे बाप्पा" असं म्हनाले लागली. शेवटी एका सोयऱ्यानं सांगतलं म्हनून तिले सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं एका काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकले, आन नळी दिव्यावर धरली. निळं व्हतं ते हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, आन मंग थांबेचना, पक्क्या विटेच्या रंगावर गेलं. मी टाळी वाजवली. मले वाटलं जेवढा चांगला रंग तेवढी चांगली तब्येत. डॉक्टर माह्याकडं पाहून म्हने, "हे कोण?" वयनी म्हने, "हे माह्याबरोबरचं सामान हाय."

साखरेचा रोग निघाला. डॉक्टरनं गोळ्या देल्या, गोड बंद केलं, आन पायाले जप म्हने; या रोगात जखम झाली तर समजत नाही आन भरत नाही. मी घरी येताना वैद्याकडं गेलो. म्हनलं, बुवा, तुमचा पाक आन तिच्या आंगात पयलेच साखर, हे कसं? आता कोन्या मानसाचं तोंड उतरलं असतं. याचं अजूनच वर झालं. "मी तेच म्हणत होतो," म्हने. "रोग आत दडून होता. पाकाने तो वर आणला. आता त्याला कडू औषधाने मारू." पाच मिनटात शतावरी गेली आन गुळवेल आली. मेथीदाने, जांभळाच्या बियायची पूड, कारल्याचं चूर्न, आन सातपुड्यातल्या बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा एक पेला. सांजेले पेल्यात पानी भराचं, सकाळी ते पानी बदलते, भुरकं होते, उजेडात धरलं तर वर निळी झाक मारते, ते उपाशीपोटी प्याचं.

आन आता माह्या हुशारीची गोष्ट. मळ्यातले मोठे कारले बाजारात कोनी घेत नाही, लोकायले कवळे लागते. ते पिकत आलेले कारले मी टोपल्यात घालून दर आठवड्याले एका घराच्या मागच्या दारी देत व्हतो. ते घर वैद्याचं. मागच्या दारानं कारलं जाये आन पुढच्या दारानं पुडीत बांधून संस्कृत नावानं परत येये. मेथीचंही तसंच. आन मी दोन्ही दारी जाये, मागं माळी म्हनून, पुढं रोग्याचा देर म्हनून, अन् दोन्ही बाजूनं हात जोडे. वयनीनं पयली पुडी सोडली, वास घेतला आन मले जवळ बोलावलं. "अबे, तू कारलं नेतं आन कारलंच घेऊन येतं. बैलाले तरी समजते आपन कोठी चाललो." तरीही ते चूर्न आलंच. मोठाभाऊले मळ्यातल्या कारल्यावर भरोसा नव्हता, पुडीवर व्हता.

डॉक्टरच्या गोळ्या ती घे, कारल्याची पूड घे, पेल्यातलं पानी प्ये. पन उभं राहनं सुटत नव्हतं. गोड शिजवाचं पन खायाचं नाही, एवढाच फरक झाला. पाय सुजून खांबावानी झाले. अन् तवाच एक दिवस मी खामगावावरून आलो, ती माह्याकडं पाहून म्हने, "काय सांगतलं वैद्यानं?" मले वाचता येत नाही म्हनून वैद्य सारं तोंडी सांगे आन मी घरी येऊन तोंडी सांगो. मी म्हनलं, "भात नोको, आलू नोको, गूळ नोको, दिवसा झोपू नोको."

"आखीन काय सांगतलं?"

"एवढंच."

"नाही," वयनी म्हने. तिनं हातातली परात खाली ठेवली. "आखीन सांगतलं. तुह्या ध्यानात राह्यलं नाही. आठव."

मी तिच्याकडं पाह्यलं. ती ओसरीकडं पाहून राह्यली व्हती, त्या बाजीकडं, जिच्यावर माहं फाटकं पांघरून पडलं व्हतं. मी कितीही मूर्ख असलो तरी तेवढं मले समजलं... घरातल्या एकाच मानसाले बाईच्या मनातलं न सांगता समजलं, अन् तेही या जन्मात एकदाच.

सांजेले मोठाभाऊ जेवाले बसला. म्या पयले भात, आलू, गूळ, दिवसाची झोप सारं नोको म्हनलं, मंग वैद्यावानी दोन बोटं नाकाले लावली, डोळे मिटले आन सांगतलं, "वैद्यबुवा म्हने, दर महिन्याले चार दिवस रोग्यानं चुलीपाशी जाऊ नये. आग लागली का आंगातली साखर पातळ होते. बाजीवर पडून राहाचं, दिवसा झोपाचं, उठाचं नाही. तरच काढा लागू पडते."

मोठाभाऊचा घास थांबला. "आताच तर म्हनलं दिवसा झोपू नोको."

"ते बाकीच्या दिवसायसाठी."

"कोन्या ग्रंथात हाय हे?"

"संस्कृतातल्या."

मोठाभाऊनं पुढचा घास घेतला. समजत नसलेल्या गोष्टीपुढं त्याची मान आपोआप खाली जाये, तेवढा एक गुन त्याच्यात हाय. आन माहं डोकं पाहा, माह्याच खोट्यानं माही बाज गेली, आन भाकरी परत माह्याच गळ्यात पडल्या. वयनीनं माहं पांघरून दोन बोटायनं उचलून आंगनात फेकलं, बाज पान्यानं धुतली, बिजाचा पेला उशाशी ठेवला आन आडवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं घोरनं आयकू आलं. किती सालानं आयकलं व्हतं म्या ते. तव्यावर भाकर टाकली, आन तिकडून आवाज आला, "नकाशात आता मराठवाडाही आला का रे?"

पुढच्या बारीले दवाखान्यातली नळी विटेवर गेली नाही, हिरव्यावरच थांबली. मंग काय, सारे वारस उभे राह्यले. वैद्य म्हने माहं चूर्न. डॉक्टर म्हने गोळ्या. मोठाभाऊ म्हने मी वेळेवर धाडलं. मीही कमी नाही, मी म्हनलं कारले माह्या हातचे. वयनीले कोनीच इचारलं नाही. मीच इचारलं. ती म्हने, "मी झोपली."

मोठाभाऊच्या मनात मातर किडा वळवळत व्हता. चार-सहा महिने जळक्या भाकरी खाल्ल्यावर तो स्वतः खामगावले गेला, मले संगं घेतलं. त्यानं वैद्याले तोंडावर इचारलं, "चार दिवसाचं पथ्य तुम्हीच सांगतलं का?" मी दाराकडं सरकलो. वैद्यानं माह्याकडं पाह्यलं, मोठाभाऊकडं पाह्यलं, आन नळी हिरवी झाल्याचं तर त्याले मालूम व्हतंच. जगातली कोनतीही चांगली गोष्ट आपनच केली हे मानाले त्याले वेळ लागत नसे. "अर्थात," म्हने. "तेच तर आमचं मुख्य पथ्य. चतुर्दिन विश्राम." नावही देलं त्यानं, उभ्याउभ्या. खोटं म्या बोललं, बारसं त्यानं केलं.

मंग ते पथ्य पसरलं. वयनीच्या वयाच्या बाया दुखनं घेऊन त्याच्याकडं जायाले लागल्या. गुडघे, सूज, आंगातली आग, साखर, काहीही असो, सगळ्यायले पुडी आन चार दिवस. पार डोनगावच्या बाजूलोक बाया बाजीवर आडव्या झाल्या. पुडीनं किती बऱ्या झाल्या मले मालूम नाही. वयनी म्हने, बाईले पुडी कडू लागली तरी चालते, बाज मोडकी नसावी. अन् माह्याकडं गडीमानसं यायाले लागले, मिशावाले, जमीनवाले. "किसनराव, भाकर उलथवाची कशी?" जन्मात पयल्यांदा मले कोनी राव म्हनलं. मी शिकवलं. त्या सालात आमच्या भागात जेवढ्या भाकरी जळल्या त्यायचा गुरू मी हाय.

हे सारं मोडलं ते या उन्हाळ्यात. मोठाभाऊच्या पोराचं लगन ठरलं. घरात कुरडया, पापड, सारं कराचं, आन कराले कोन? मोठाभाऊ वयनीपुढं उभा राह्यला, पन तिच्याकडं न पाह्यता खांबाकडं पाहून बोलला, "या महिन्याले पथ्य राहू दे. घरात लगन हाय." वयनी म्हने, "लगन पोराचं, आन पाय माहे?" तो म्हने, "लोक काय म्हनतीन?" वयनी हसली. तिचं ते हसनं मले चांगलं वळखीचं व्हतं, माह्या भाकरीवर हसे तसंच. "लोकायले सांग, भागाबाईले आता अडचन नाही." आन उठली बाजीवरून.

आंगनात चुलांगन पेटलं व्हतं. मोठ्या भगुन्यात गव्हाचा चीक. वयनी अनवानी उभी राहून तो दांड्यानं हाटून राह्यली व्हती. गावातल्या बाया बसल्या व्हत्या, गोष्टी चालू. मदातच एकीनं नाक वर केलं, म्हने, काही जळून राह्यलं. साऱ्यायनं आपापल्या भांड्यात पाह्यलं. मोठाभाऊ ओसरीवरून म्हने, "किसन्याची भाकर आसन." मी धावत जाऊन तवा पाह्यला. तवा थंडा व्हता. वयनीही वाकून भगुन्यात पाहून राह्यली व्हती, तळाले लागलं का म्हनून... निखारा तिच्या टाचेखाली व्हता. तिले काही समजलंच नव्हतं.

तिनं हळद लावून चिंधी बांधली आन कुरडया पुऱ्या केल्या. कोनाले सांगू नोको म्हने, लगनात पाय पाहत बसतीन. लगनभर उभी राह्यली. वरातीतल्या मानसायनं तिच्या हातच्या जेवनाची तारीफ केली, अन् मोठाभाऊनं ते तारीफ जशीच्या तशी स्वतः घेतली. पाहुने गेले तवा चिंधीतून वास येत व्हता. वैद्याले बोलावलं, तो म्हने लेप लावा. मंग ताप भरला, मंग एसटीत घालून दवाखान्यात. डॉक्टरनं चिंधी सोडली आन मोठाभाऊकडं असं पाह्यलं का मोठाभाऊले तिथी पाह्याले खांब सापडेना.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या सांजेले मी तिच्या खाटेपाशी बसलो व्हतो. गुडघ्यालोक पाय काळा पडला व्हता. ती छताकडं पाहून म्हने, "पाह्य किसन्या. किती दिवसाची आडवी हाय मी. कोनीच उठवत नाही." मी म्हनलं, वयनी, उद्या मी अठीच बसतो. ती म्हने, "काऊन? तू काय डॉक्टर हाय? उद्या बाजार हाय. वांगे काढले आसतीन, ते सडतीन. जा बाजारात." मी गेलो. म्हनून त्या बाईच्या तोंडून आयकावं लागलं.

तेरवीले वैद्य आला. रेशमी उपरन्यात. जेवनाआधी उभा राह्यला आन बोलला, "भागीरथीबाई या माझ्या चतुर्दिन विश्रामाच्या पहिल्या रुग्ण. मी शोधलेल्या या पथ्याने त्यांना कितीतरी आयुष्य लाभलं. शेवटी पथ्य मोडलं, म्हणून..." आन हात वर करून थांबला. लोकायनं माना हलवल्या. मोठाभाऊनं डोळे पुसले. ज्या मानसानं पथ्य मोडाले लावलं तोच सगळ्यात जोरानं मान हलवून राह्यला व्हता. माह्यानं राहवलं नाही. मी उभा राह्यलो, म्हनलं, "पथ्य त्यानं नाही शोधलं. वयनीनं शोधलं. मी खोटं सांगतलं. संस्कृतातलं म्हनून." सारी पंगत हसली. सुतकाच्या पंगतीत लोक पोट धरून हसले. कोनी म्हने, "किसन्या तेरवीलेही सोडत नाही." खुद्द वैद्यही हसला, मोठ्या मनानं. जन्मभर म्या खोटं सांगून हसवलं, आन खरं सांगतलं तवा सगळ्यात जास्त हसले. फक्त सैपाकघराच्या दाराआड नवी सून उभी व्हती, तिचे बांगड्याचे हात थांबले व्हते. ती हसली नाही. मले वाटलं, नवी हाय, तिले समजलं नसन.

आता बाज परत माह्याकडं आली. ओसरीवर तिथीच हाय, मदातून झोळीवानी खाली गेलेली, आन ते झोळी माह्या आंगाची नाही, वयनीच्या आंगाची हाय. मी त्यात पडलो का दोन्ही बाजूनं जागा उरते. उशाशी बिजाचा पेला. सांजेले त्यात पानी भराची माह्या हाताले सवय लागली, ते काही जात नाही. सकाळी पानी भुरकं होते, उजेडात धरलं का निळी झाक मारते. प्येनारं कोनी नाही. मी ते कारल्याच्या वेलाले नेऊन टाकतो. वेल जोरात हाय. वैद्याकडं मातर आता मागच्या दारानं कारलं जात नाही. मी तेवढाच बदला घेऊ शकलो, आन त्याले त्याचा पत्ताही लागला नसन.

परवा सकाळी मी तसाच बाजीवर बसलो व्हतो, पेला मांडीवर घेऊन, तोंड पाडून. मनात म्हनलं, वयनी, या घरात तुही आठवन ठेवनारा मी एकटाच. तेवढ्यात नवी सून घरातून बाहेर आली. काखेत वाकळ, हातात उशी. लगन होऊन आली तवापासून तिचा आवाज म्या आयकला नव्हता. माह्यापुढून जाताना पदर डोळ्यायलोक वढून जाये. ती बाजीपुढं येऊन उभी राह्यली. पदर वढला नाही. पेला माह्या हातातून घेतला, उशाशी ठेवला, आन म्हने,

"काकाजी, उठा. आत्याबाईनं दवाखान्यात जाताना मले सांगून ठेवलं व्हतं, तो बाजीवर बसला आसन, त्याले पयले उठव. पीठ डब्यात हाय. आन भाकर पातळ थापजा, जाड मले चालत नाही."